पेशीमृत्यूच्या संकल्पनेचा ऐतिहासिक विकास : भोर-वेल्हे परिसरातील सजीवसृष्टीच्या संदर्भासह एक अभ्यास

सारांश

पेशी मरताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसणे आणि पेशीचे मरण ही स्वतंत्र जैविक प्रक्रिया आहे हे उमगणे, या दोन घटनांमध्ये शंभराहून अधिक वर्षांचे अंतर आहे. १८४२ मध्ये कार्ल व्होग्ट यांनी भेकाच्या डिंभात नोंदविलेल्या निरीक्षणापासून एकविसाव्या शतकातील पेशीमृत्यूच्या विविध प्रकारांपर्यंतचा हा प्रवास प्रस्तुत निबंधात मांडला आहे. मुंबईत जन्मलेले शास्त्रज्ञ जमशेद रुस्तम टाटा यांनी १९६६ मध्ये बेडूकमाशाच्या शेपटीवर केलेल्या प्रयोगाचे या इतिहासातील स्थान विशेषत्वाने तपासले आहे. या इतिहासातील निर्णायक निरीक्षणे ज्या प्रकारच्या जीवांवर झाली ते भोर-वेल्हे परिसरात सहज उपलब्ध आहेत. त्यांचा महाविद्यालयीन अध्यापनात कसा उपयोग करता येईल, याचाही विचार केला आहे.

बीजसंज्ञा : पेशीमृत्यू, ऊतिनाश, अपोप्टोसिस, रूपांतरण, वायूतक, विज्ञानाचा इतिहास.

१. प्रस्तावना

भोर आणि वेल्हे हा पुणे जिल्ह्याच्या पश्चिमेकडील डोंगराळ प्रदेश. रोहिडा, राजगड आणि तोरणा या किल्ल्यांच्या पायथ्याशी नीरा, वेळवंडी, गुंजवणी आणि कानंदी यांच्या खोऱ्यांत पसरलेली भातखाचरे ही या भूमीची ओळख होय. येथील शेतकरी पानाच्या मरणासाठी दोन वेगवेगळी क्रियापदे वापरतो. माघ-फाल्गुनात सागाचे पान 'गळते', तर भाद्रपदात रोग पडलेल्या भाताचे पान 'करपते'. गळण्याची त्याला चिंता वाटत नाही, करपण्याची वाटते. पहिल्या मरणात झाडाची सोय आहे आणि दुसऱ्यात हानी आहे, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते.

पेशीच्या पातळीवर हाच भेद जीवशास्त्राला स्पष्ट शब्दांत मांडता आला तो १९७२ मध्ये. तोपर्यंत पेशीचे मरण हे बहुतांशी इजा, झीज किंवा रोग यांचे फलित मानले जाई. जन्म, वाढ व विभाजन यांना पेशीशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत प्रकरणेच्या प्रकरणे मिळत. मृत्यूला मात्र विकृतिशास्त्राच्या पुस्तकात जागा मिळे. हा विलंब साधनांच्या अभावी झाला काय? इतिहास तसे सांगत नाही. आवश्यक ती निरीक्षणे एकोणिसाव्या शतकातच झालेली होती. त्यांना सामावून घेणारी संकल्पना नव्हती. निरीक्षण आणि संकल्पना यांच्यातील हे अंतर कसे भरून निघाले, हे पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा मुख्य उद्देश आहे. त्याचबरोबर मर्यादित साधनांनिशी चालणाऱ्या ग्रामीण महाविद्यालयांना या इतिहासातून काय घेता येईल, याचाही शोध घेतला आहे. त्यासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

२. निरीक्षणाचे पहिले शतक (१८४२ ते १९५०)

श्लायडेन आणि श्वान यांनी १८३८-३९ मध्ये पेशी सिद्धांत मांडला. त्यानंतर अवघ्या तीन-चार वर्षांत, म्हणजे १८४२ मध्ये, कार्ल व्होग्ट यांनी एका भेकजातीच्या विकासाचा अभ्यास प्रसिद्ध केला. डिंभाच्या शरीरातील पृष्ठरज्जूच्या पेशी नाहीशा होतात आणि त्यांच्या जागी कशेरुकांच्या पेशी येतात, असे त्यांनी नोंदविले. निरोगी, वाढत्या जीवात पेशी नियमितपणे नष्ट होतात, याची ही पहिली नोंद मानली जाते. मात्र तिच्यावरून कोणताही सामान्य सिद्धांत उभा राहिला नाही.

रुडॉल्फ फिरखो यांच्या १८५८ च्या व्याख्यानांतून पेशीय विकृतिशास्त्राचा पाया घातला गेला. मृत ऊतीच्या अवस्थेसाठी त्यांनी 'नेक्रोसिस' म्हणजे ऊतिनाश ही संज्ञा वापरली आणि हळूहळू होणाऱ्या ऱ्हासाचा निराळा विचार केला. रोगाचे स्थान पेशीत आहे, हे त्यांचे प्रतिपादन वैद्यकाला क्रांतिकारक ठरले. परंतु त्यामुळेच पेशीचा मृत्यू हा रोगाच्या चौकटीत बांधला गेला, हेही नमूद करावयास हवे. १८६४ मध्ये ऑगस्ट वाइझमान यांनी माश्यांच्या रूपांतरणात अळीच्या ऊती विघटित होऊन नव्या ऊती कशा तयार होतात, याचे वर्णन केले. १८८५ मध्ये वाल्टर फ्लेमिंग यांनी सस्तन प्राण्यांच्या अंडाशयातील ऱ्हास पावणाऱ्या पुटकांमध्ये केंद्रकातील रंगद्रव्य घट्ट होऊन तुकड्यांत विखुरताना पाहिले व त्यास 'क्रोमॅटोलिसिस' असे नाव दिले. आज त्यांची चित्रे पाहणारा विद्यार्थी ती सहज ओळखेल. परंतु पेशीविभाजनाचे जनक म्हणून जगभर मान्यता पावलेल्या याच शास्त्रज्ञाचे पेशीमृत्यूचे निरीक्षण जवळजवळ विस्मृतीत गेले.

इल्या मेचनिकॉव्ह यांच्या भक्षकपेशींच्या सिद्धांताने या विषयाला वेगळी दिशा दिली. रूपांतरणाच्या काळात बेडूकमाशाच्या शेपटीतील स्नायू नाहीसे होतात, त्यात भक्षकपेशींचा वाटा मोठा आहे, असे त्यांनी १८८० च्या दशकात मांडले. शेपटीच्या पेशी आपण होऊन मरतात की त्यांना मारले जाते, हा प्रश्न त्यातून अप्रत्यक्षपणे उभा राहिला. त्याचे समाधानकारक उत्तर मिळण्यास आणखी ऐंशी वर्षे लागली.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन गोष्टी घडल्या. १९१२ मध्ये गुडरनाच यांनी बेडूकमाशांना अवटू ग्रंथीचा आहार देऊन त्यांचे रूपांतरण मुदतीपूर्वी घडवून आणले. शेपटी गळण्याची वेळ शरीरातील एका रासायनिक संदेशावर अवलंबून असते, हे त्यामुळे सिद्ध झाले. दुसरीकडे, भ्रूणविकासातील पेशीमृत्यूच्या विखुरलेल्या नोंदी ग्लुक्समन यांनी १९५१ मध्ये एकत्र आणल्या. त्यांच्या विस्तृत आढाव्यातून पृष्ठवंशी प्राण्यांच्या भ्रूणात पेशी ठराविक जागी, ठराविक वेळी आणि ठराविक कार्यासाठी मरतात, असे चित्र स्पष्ट झाले. एकेक नोंद अपवाद वाटत होती, ती शेकड्याने मांडल्यावर नियम ठरली.

३. 'केव्हा' कडून 'कसे' कडे : १९६० चे दशक

१९६० च्या दशकात पेशीमृत्यूचा अभ्यास वर्णनाकडून प्रयोगाकडे वळला. जॉन साँडर्स यांनी कोंबडीच्या भ्रूणाच्या पंखाच्या कळीतील असा एक भाग निवडला, ज्यातील पेशी ठराविक वेळी मरतात. या पेशी दुसऱ्या जागी रोपण केल्यावरही ठरल्या वेळीच मेल्या. मात्र पंखाच्या पृष्ठभागावरील विशिष्ट जागी रोपण केल्यास त्या वाचल्या. म्हणजे मरणाची वेळ पेशीत निश्चित झालेली असते, पण ठराविक टप्प्यापर्यंत शेजारच्या पेशींच्या प्रभावाने ती टळू शकते. कोंबडीच्या पायाची बोटे सुटी असतात आणि बदकाच्या बोटांमध्ये पडदा असतो. बोटांमधील पेशी कोंबडीत मोठ्या प्रमाणावर मरतात, बदकात अल्प प्रमाणात मरतात, हे त्यामागील कारण होय. शिल्पकार नको असलेला दगड काढून टाकून मूर्ती घडवितो, तद्वत मृत्यूमुळे अवयवाला आकार येतो, ही कल्पना येथे दृढ झाली.

याच काळात हार्वर्ड विद्यापीठात रिचर्ड लॉकशिन व कॅरोल विल्यम्स रेशीमपतंगाच्या उदरातील स्नायूंचा अभ्यास करीत होते. पतंग कोशातून बाहेर पडल्यानंतर हे स्नायू अल्पावधीत नाहीसे होतात. या घटनेसाठी त्यांनी १९६४-६५ मध्ये 'प्रोग्रॅम्ड सेल डेथ', म्हणजे पूर्वनियोजित पेशीमृत्यू, हा शब्दप्रयोग रूढ केला.

तथापि 'पूर्वनियोजित' या शब्दाने वेळापत्रक सूचित होते, यंत्रणा सांगितली जात नाही. ख्रिश्चन द दूव्ह यांनी १९५५ मध्ये पेशीतील लयकारिकांचा शोध लावला होता. पाचक विकरांनी भरलेल्या या पिशव्या फुटल्या की पेशी आपोआप पचली जाते, ही कल्पना त्यावेळी लोकप्रिय होती. तिला 'आत्मघाती पिशव्या' असे नावही मिळाले होते. ही कल्पना खरी असती तर मरणासाठी पेशीला काहीही नवीन करावे लागले नसते. पिशवी फुटली की काम संपले असते.

४. जमशेद टाटा आणि बेडूकमाशाची शेपटी

या टप्प्यावर एका भारतीय शास्त्रज्ञाचे कार्य महत्त्वाचे ठरले. जमशेद रुस्तम टाटा यांचा जन्म १९३० मध्ये मुंबईत झाला. त्यांच्या संशोधनाचा मोठा काळ लंडनजवळील मिल हिल येथील राष्ट्रीय वैद्यकीय संशोधन संस्थेत गेला. अवटू ग्रंथीचे संप्रेरक पेशीत नेमके काय करते, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय होता. २०२० मध्ये त्यांचे निधन झाले.

टाटा यांचा १९६६ मधील प्रयोग कल्पनेने अत्यंत साधा होता. बेडूकमाशाची शेपटी शरीरापासून वेगळी करून पोषक द्रवात ठेवली तर ती काही दिवस जिवंत राहते. त्या द्रवात अवटू संप्रेरक मिसळले की ती आक्रसू लागते. म्हणजे शेपटीचा ऱ्हास होण्यासाठी उर्वरित शरीराची गरज नाही, केवळ संदेश पुरेसा आहे. टाटा यांनी पुढे विचारलेला प्रश्न असा : संदेश मिळाल्यानंतर शेपटीच्या पेशींना मरण्यासाठी नवे काही निर्माण करावे लागते काय? त्यांनी संप्रेरकाबरोबर आरएनएची निर्मिती रोखणारे ॲक्टिनोमायसिन-डी हे द्रव्य दिले. दुसऱ्या गटात प्रथिनांची निर्मिती रोखणारी द्रव्ये दिली. दोन्ही गटांत शेपटीचे आक्रसणे थांबले.

या निष्कर्षाचा अर्थ त्या काळाच्या दृष्टीने विलक्षण होता. प्रथिनांची निर्मिती रोखणारी द्रव्ये ही पेशीला विषासमान असतात. त्या विषामुळे येथे पेशी मरण्याऐवजी जगल्या. पेशीला मरण्यासाठी काम करावे लागते, जनुकांतील माहिती वाचावी लागते आणि त्या माहितीनुसार प्रथिने बनवावी लागतात. पिशवी फुटण्याच्या कल्पनेत ही गोष्ट बसत नव्हती. लॉकशिन यांनी रेशीमपतंगाच्या स्नायूंवर १९६९ मध्ये याच दिशेचा निष्कर्ष मांडला. बेडूक आणि पतंग हे उत्क्रांतीच्या दृष्टीने एकमेकांपासून अतिदूरचे जीव. दोहोंत मरणाची रीत सारखी निघावी, हे लक्षणीय होते.

ऐतिहासिक न्यायाने येथे एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. मरणासाठी नवी प्रथिने लागतात हा नियम सार्वत्रिक नाही. मरणाची यंत्रणा बहुतेक प्राणीपेशींत आधीपासूनच तयार असते आणि शेजारच्या पेशींकडून येणाऱ्या संदेशांमुळे ती थोपवून धरलेली असते, हे मार्टिन रॅफ यांनी १९९० च्या दशकात दाखवून दिले. म्हणजे शेपटीच्या पेशींना मरण्याचा आदेश यावा लागतो, तर इतर अनेक पेशींना जगण्याचा आदेश सतत येत राहावा लागतो. असे असले तरी मृत्यू ही पेशीची सक्रिय क्रिया आहे, हा टाटा यांच्या प्रयोगातील गाभा अबाधित राहिला.

५. रूपाकडून नावाकडे : १९७२

यंत्रणेचा शोध सुरू असताना ऑस्ट्रेलियातील विकृतिशास्त्रज्ञ जॉन कर हे वेगळ्याच वाटेने याच ठिकाणी पोहोचत होते. उंदराच्या यकृताकडे रक्त नेणाऱ्या नीलेची शाखा बांधून त्यांनी यकृताच्या खंडातील बदल पाहिले. काही भागांत नेहमीचा ऊतिनाश दिसला. उरलेल्या भागात मात्र एकेकटी पेशी आक्रसून तिचे लहान गोल तुकडे होत होते आणि शेजारच्या पेशी ते गिळून टाकीत होत्या. दाह नव्हता. लयकारिकाही अखंड होत्या. कर यांनी १९७१ मध्ये यास 'आक्रसणारा ऊतिनाश' असे म्हटले.

पुढे ॲबर्डीन येथे अँड्र्यू वायली आणि अॅलिस्टर करी यांच्यासमवेत त्यांनी हे रूप निरोगी ऊती, भ्रूण व अर्बुद अशा सर्व ठिकाणी आढळते, असे दाखविले. १९७२ मध्ये 'ब्रिटिश जर्नल ऑफ कॅन्सर' मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात 'अपोप्टोसिस' ही संज्ञा प्रथम आली. ती त्यांना ॲबर्डीनमधील ग्रीकचे प्राध्यापक जेम्स कॉर्मॅक यांनी सुचविली होती. झाडावरून पाने अथवा फुलावरून पाकळ्या गळून पडणे, असा तिचा मूळ अर्थ आहे. गळणे आणि करपणे यांतील भेद अशा प्रकारे विज्ञानाच्या परिभाषेत दाखल झाला.

हा भेद भोर-वेल्ह्यात कोणालाही समजेल अशा उदाहरणाने सांगता येतो. शेतात घोणस किंवा नाग चावला तर दंशाभोवतीची ऊती सुजते, काळी पडते आणि सडते. तेथे विषामुळे पेशींचे आवरण फुटते, आतील द्रव्ये बाहेर सांडतात आणि दाह भडकतो. हा ऊतिनाश होय. त्याच शेताच्या बांधालगतच्या डबक्यात बेडूकमाशाची शेपटी नाहीशी होते, तेव्हा ना जखम दिसते, ना रक्त, ना पू. पेशी आपले आवरण शाबूत ठेवून मरतात आणि त्यांच्यातील द्रव्य नव्या शरीराच्या कामी येते.

१९७२ च्या या निबंधाकडे सुरुवातीची अनेक वर्षे फारसे लक्ष दिले गेले नाही. १९८० मध्ये वायली यांनी यौवनलोपी ग्रंथीच्या मरणाऱ्या पेशींत डीएनएचे ठराविक लांबीचे तुकडे पडतात, असे दाखविले. डोळ्याने ओळखावयाच्या रूपाला त्यामुळे रासायनिक खूण मिळाली. परंतु या विषयाला खरी गती दिली ती एका सूक्ष्म कृमीने.

६. जनुकांचा शोध आणि कर्करोगाचा संबंध

सिडनी ब्रेनर यांनी १९६० च्या दशकात 'सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स' हा सुमारे एक मिलिमीटर लांबीचा पारदर्शक गोलकृमी संशोधनासाठी निवडला. जॉन सल्स्टन यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तासन्‌तास बसून त्याच्या प्रत्येक पेशीची वंशावळ काढली. रॉबर्ट हॉर्व्हिट्झ यांच्यासह केलेला त्यातील एक भाग १९७७ मध्ये, तर भ्रूणाची संपूर्ण वंशावळ १९८३ मध्ये प्रसिद्ध झाली. या कृमीच्या उभयलिंगी शरीरात १०९० कायिक पेशी तयार होतात. त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात आणि ९५९ उरतात. प्रत्येक कृमीत त्याच पेशी, त्याच वेळी मरतात. एवढी काटेकोर शिस्त जनुकांशिवाय शक्य नव्हती. १९८६ मध्ये हिलरी एलिस व हॉर्व्हिट्झ यांनी सेड-३ आणि सेड-४ ही दोन जनुके दाखविली. त्यांच्यात बिघाड झाल्यास मरावयाच्या पेशी जिवंत राहतात.

दरम्यान मानवी लसिका-कर्करोगाच्या एका प्रकारात बीसीएल-२ हे जनुक सापडले होते. कर्करोगाची जनुके पेशींचे विभाजन वाढवितात, अशी तोवरची समजूत होती. १९८८ मध्ये मेलबर्न येथे डेव्हिड व्हॉक्स, सुझान कोरी व जेरी ॲडम्स यांनी हे जनुक विभाजन वाढवीत नसून पेशीला मरू देत नाही, असे दाखविले. अर्बुद वाढते ते जन्म वाढल्यामुळे, तसेच मरण थांबल्यामुळेही. कृमीतील सेड-९ हे जनुक बीसीएल-२ शी, तर सेड-३ हे सस्तन प्राण्यांतील कॅस्पेज विकरांशी नाते सांगते, हे १९९३-९४ पर्यंत सिद्ध झाले. १९९६ मध्ये शियाओडोंग वांग यांच्या गटाने तंतुकणिकेतून बाहेर पडणारे सायटोक्रोम-सी हे प्रथिन या विकरांना जागे करते, असे दाखविले. श्वसनाद्वारे पेशीला ऊर्जा पुरविण्यात सहभागी असलेले प्रथिनच प्रसंगी तिच्या मरणाचा संदेश ठरते, ही बाब अनेकांना चकित करणारी होती. ब्रेनर, हॉर्व्हिट्झ व सल्स्टन यांना २००२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. बीसीएल-२ प्रथिनाला रोखणारे व्हेनेटोक्लॅक्स हे औषध २०१६ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारासाठी मान्य झाले. मूलभूत संशोधन रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचण्यास सुमारे तीन दशके लागली.

या साऱ्या प्रगतीला शरीराबाहेर पेशी वाढविण्याच्या तंत्राचा आधार होता. ते तंत्र भारतात रुजविण्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या नेतृत्वाखाली १९५२ मध्ये मुंबईत भारतीय कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. १९१७ मध्ये पुण्यात जन्मलेल्या आणि हुजूरपागा व फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी अमेरिकेत जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत ऊतिसंवर्धनाचा अनुभव घेतला. १९५१ मध्ये हेनरिएटा लॅक्स यांच्या अर्बुदातून 'हेला' हा आजही जिवंत असलेला पेशीवंश गे यांच्याच प्रयोगशाळेत निर्माण झाला होता. मायदेशी परतल्यावर रणदिवे यांनी मुंबईच्या केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. १९८६ मध्ये पुण्यात प्राण्यांच्या ऊती व पेशी संवर्धनासाठी राष्ट्रीय सुविधा स्थापन झाली. तीच पुढे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र म्हणून विकसित झाली. देशभरातील संशोधकांना पेशीवंश पुरविणारी ही संस्था भोरहून एका दिवसात जाऊन परत येता येईल इतक्या अंतरावर आहे.

७. एकविसाव्या शतकातील विस्तार

मृत्यूचे 'नियोजित' आणि 'अपघाती' असे दोनच प्रकार आहेत, ही मांडणीही टिकली नाही. जीवाणूंच्या संसर्गात पेशी फुटून दाह निर्माण करते तो पायरोप्टोसिस (२००१), ऊतिनाशासारखा दिसणारा पण नियंत्रित असा नेक्रोप्टोसिस (२००५) आणि लोहावर अवलंबून असणारा फेरोप्टोसिस (२०१२) अशी नावे क्रमाने पुढे आली. म्हणजे फुटून मरणे हेही काही वेळा शरीराच्या योजनेचा भाग असते. पेशी स्वतःचेच घटक पचवून तग धरते, त्या स्वभक्षण प्रक्रियेवरील संशोधनासाठी योशिनोरी ओसुमी यांना २०१६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कर यांनी केवळ रूपावरून केलेले वर्गीकरण आज पुरेसे राहिलेले नाही. आता प्रकार ओळखला जातो तो त्यामागील रेण्वीय यंत्रणेवरून.

८. वनस्पतींचे स्थान : भातखाचरातील पुरावा

अपोप्टोसिस हे नाव पानगळीवरून आले, परंतु वनस्पतींना ते शब्दशः लागू पडत नाही. वनस्पतीपेशीभोवती भित्तिका असते, मेलेली पेशी गिळणाऱ्या भक्षकपेशी वनस्पतीत नसतात आणि प्राण्यांतील कॅस्पेज विकरेही त्यांच्यात आढळत नाहीत. तरीही नियोजित पेशीमृत्यू वनस्पतीत सर्वत्र आहे. पाणी वाहून नेणाऱ्या वाहिन्या मेलेल्या पेशींच्याच बनलेल्या असतात.

भात हे याचे सर्वोत्तम उदाहरण होय. खाचरातील चिखलात प्राणवायू जवळजवळ नसतो. तेथे इतर अनेक पिकांची मुळे गुदमरतात, भाताची मात्र तग धरतात. याचे कारण त्याच्या मुळातील वायूतक. मुळाच्या मध्यत्वचेतील ठराविक पेशी मरून विरघळतात आणि त्यांच्या जागी लांबट पोकळ्या तयार होतात. या पोकळ्यांतून पानांकडील हवा मुळाच्या टोकाकडे पोहोचते. मक्यात पाणी साचल्यावर अशा पोकळ्या तयार होण्यास इथिलीन वायू कारणीभूत असतो, असे ड्र्यू, जॅक्सन व गिफर्ड यांनी १९७९ मध्ये दाखविले. भातात त्या बऱ्याच अंशी उपजतच तयार होतात आणि पाणी साचल्यास वाढतात. आंबेमोहोर असो वा इंद्रायणी, चिखलात उभे असलेले भाताचे प्रत्येक रोप आपल्याच काही पेशींच्या मरणावर जगत असते.

करपा रोगात याची दुसरी बाजू दिसते. बुरशीला बळी पडणाऱ्या वाणाच्या पानावर डोळ्याच्या आकाराचे, मध्ये राखाडी असे मोठे ठिपके पडतात. प्रतिकारक वाणावर मात्र टाचणीच्या टोकाएवढे तपकिरी ठिपके दिसून रोग तेथेच थांबतो. बुरशी शिरलेल्या जागेच्या पेशी त्वरित मरतात आणि तिची वाट बंद करतात. गव्हाच्या तांबेऱ्यात आढळलेल्या अशा प्रतिक्रियेस स्टॅकमन यांनी १९१५ मध्ये 'अतिसंवेदनशीलता' म्हटले होते. करपण्यातही कधीकधी वनस्पतीची स्वतःची योजना असते. 'गळणे' आणि 'करपणे' ही लोकभाषेतील सीमारेषा उपयुक्त आहे, पण अंतिम नाही, हे येथे मान्य केले पाहिजे.

९. परिभाषेचा व अध्यापनाचा प्रश्न

मराठीत अपोप्टोसिससाठी 'पेशींची आत्महत्या' असा शब्दप्रयोग लोकप्रिय लेखनात आढळतो. तो प्रस्तुत लेखकास योग्य वाटत नाही. आत्महत्येत हेतू असतो, निराशा असते आणि समाजाची हानी असते. पेशीमृत्यूत यांपैकी काहीही नसते. 'पूर्वनियोजित' हा शब्द अधिक निर्दोष आहे, परंतु त्यातून यंत्रणेपेक्षा नियोजन करणाऱ्याची कल्पना पुढे येते. मूळ ग्रीक अर्थाशी आणि आपल्या बोलीशी जुळणारा 'पेशीगळ' हा शब्द विचारार्थ सुचवावासा वाटतो. 'पानगळ' जाणणाऱ्या विद्यार्थ्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागणार नाही.

अध्यापनाचा प्रश्न अधिक निकडीचा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ मध्ये प्राणिविच्छेदन टप्प्याटप्प्याने कमी करण्याबाबत मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि २०१४ मध्ये ते थांबविण्याची सूचना केली. त्यानंतर अनेक ठिकाणी प्राणिशास्त्राचे प्रात्यक्षिक तक्ते व संगणकीय चित्रफिती यांपुरते उरले. पेशीमृत्यूचा विषय तर जनुकांची नावे पाठ करण्यापुरताच शिकविला जातो. वास्तविक या विषयाचा पाया जिवंत जीवाकडे पाहण्यातून घातला गेला आहे, आणि पाहण्यावर कोणतीही बंदी नाही.

भोर-वेल्ह्यात वर्षभराच्या क्रमाने ही निरीक्षणे घेता येतील. पावसाच्या पहिल्या महिन्यांत डबक्याकाठी बेडूकमासे न पकडता पाहावेत. पुढचे पाय फुटल्यापासून शेपटी दिसेनाशी होईपर्यंतचे दिवस मोजावेत आणि शेपटी तुटून पडते की आक्रसते, हे नोंदवावे. लावणीनंतर भाताचे एक मूळ धुऊन त्याचे टोकाकडील व बुंध्याकडील पातळ छेद पात्याने घ्यावेत आणि सॅफ्रनिनने रंगवावेत. टोकाजवळ मध्यत्वचा भरीव दिसते. बुंध्याकडे मात्र चाकाच्या आऱ्यांसारख्या पातळ पट्ट्या उरलेल्या असतात आणि त्यांच्यामध्ये पोकळ्या असतात. मुळाच्या लांबीवर टोकाकडून बुंध्याकडे सरकणे म्हणजे काळात पुढे सरकणे होय, हे विद्यार्थ्याच्या लक्षात येते तेव्हा त्याला 'नियोजित' या शब्दाचा अर्थ कळतो. पीक फुलोऱ्यावर येताना करप्याच्या ठिपक्यांची वाणांनुसार तुलना करावी. फाल्गुनात गळालेल्या सागाच्या पानाच्या देठाचा व्रण पाहावा. त्याची कड स्वच्छ असते, कारण गळण्याची तयारी झाडाने आधीच केलेली असते. यांपैकी कशासाठीही महाविद्यालयात असतो त्याहून अधिक शक्तीचा सूक्ष्मदर्शक लागत नाही.

१०. निष्कर्ष

(१) पेशीमृत्यूची निरीक्षणे १८४२ पासून उपलब्ध होती. परंतु मृत्यू म्हणजे अपयश या गृहीतामुळे ती विखुरलेली राहिली. ज्ञानाची प्रगती येथे उपकरणांपेक्षा प्रश्नाच्या मांडणीवर अवलंबून होती.

(२) १९६६ मधील जमशेद टाटा यांच्या प्रयोगाने पेशीला मरण्यासाठी कार्य करावे लागते, हे प्रथम प्रस्थापित करणाऱ्यांत स्थान मिळविले. पेशीमृत्यूच्या प्रचलित कथनात १९७२ चा निबंध व २००२ चे नोबेल पारितोषिक यांवर भर असतो. टाटा यांचे कार्यही त्याबरोबरीने शिकविले जावे.

(३) मृत्यूचे दोनच प्रकार ही विभागणी एका टप्प्यावर आवश्यक होती आणि पुढील टप्प्यावर अपुरी ठरली. परिभाषेकडे अंतिम सत्य म्हणून न पाहता कामचलाऊ साधन म्हणून पाहावे, हा या इतिहासाचा बोध होय.

(४) या इतिहासाचे पुरावे भोर-वेल्हे परिसरातील डबक्यांत, खाचरांत आणि रानात दरवर्षी उपलब्ध होतात. ग्रामीण महाविद्यालयातील प्राध्यापकांनी त्यांचा प्रात्यक्षिकांत समावेश केल्यास विच्छेदनाविना जीवशास्त्र शिकविण्याचा एक समर्थ मार्ग खुला होईल.

व्होग्ट यांच्यासमोर भेकाचा डिंभ होता आणि टाटा यांच्यासमोर बेडूकमाशाची शेपटी. दोघांच्या मधल्या १२४ वर्षांत प्राणी फारसा बदलला नाही, त्याला विचारलेला प्रश्न बदलला. येत्या पावसाळ्यात आपल्या विद्यार्थ्यांना डबक्याकाठी नेणाऱ्या प्राध्यापकाला हा प्रश्न पुन्हा एकदा विचारता येईल.